तो तयार नाही, मग मी एकटीनेच जाऊ का?

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की दारूच्या घरातून दवाखान्यात पहिल्यांदा पिणारा येतच नाही बहुतेक, आई येते नाहीतर बायको येते, आणि ते चालतं. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे विषय (सासू-सून, जमिनीची वाटणी, परदेशातला मुलगा) सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. चार पत्रं घेतेय. नावं अर्थातच नाहीत, आणि ओळख पटेल असे तपशील थोडे बदललेत.

पत्र पहिलं

ताई नमस्कार, मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते, वय 61. मुलगा 34 चा आहे, पीथमपूरला कंपनीत सुपरवायझर, सून शाळेत शिकवते, नात चार वर्षांची. आधी तो बाहेरूनच पिऊन यायचा, आहाते (दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा) बंद झाल्यापासून घरी आणतो आणि गच्चीवर बसतो, रोजचा एक पव्वा, शनिवार रविवार जास्तच. मागच्या वर्षी गणपतीत मी शपथ घातली की बाप्पा घरात आहे तोवर शिवायची नाही. त्याने ऐकलं हो. पण दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की आरतीचं ताट धरता येईना, घामाने शर्ट भिजला, आणि त्या रात्री फिट आली. तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या आहेत म्हणून झटकत बसला, भिंतीवर काही नव्हतं. ह्यांना वाटलं बाहेरचं काही आहे, जावेने लिंबू उतरवलं. शेवटी त्याच्या मित्राने दोन पेग दिले तेव्हा शांत झाला. तेव्हापासून घरात सगळे म्हणतात याची सोडवूच नका, सोडली तर मरेल. आता सून माहेरी जायचं म्हणते. तो म्हणतो मला काही प्रॉब्लेम नाही, मी कुठे येणार नाही. शेजारच्या एक बाई पावडर आणून देते म्हणतात, भाजीत घालायची, कळतसुद्धा नाही. आणि ह्यांच्या ओळखीतला एक माणूस सांगतो की एक केंद्र आहे, ते रात्री गाडी घेऊन येतात, उचलून नेतात, तीन महिने भेटू देत नाहीत. तो तयारच नाही तर मी एकटी जाऊन काय सांगू?

उत्तर

आधी गणपतीतलं बोलूया, कारण तुमच्या घराची सगळी भीती तिथे अडकलीय. ते बाहेरचं नव्हतं. असं समजा की एखादा माणूस रोज बाहेरून दार ढकलतोय आणि आतला माणूस वर्षानुवर्षं तेवढ्याच जोराने दार धरून उभा आहे. बाहेरचा एकदम बाजूला झाला तर आतला तोंडावरच पडणार. दारू मेंदूला रोज दाबते, मेंदू उलटा जोर लावायला शिकतो, आणि दारू एका रात्रीत काढली की तो जोर शिल्लक राहतो. थरथर आणि घाम सहा-आठ तासांत सुरू होतो, फिट आली तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते, आणि मुंग्या दिसणं, दिवस-रात्र न कळणं हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. याने माणूस दगावू शकतो, त्यामुळे तुमच्या घरच्यांचं अर्धं बरोबर आहे. घरच्या घरी, शपथेवर, एकदम सोडवू नका. बाटल्याही ओतून देऊ नका. पण म्हणून सोडवूच नये असं नाही, डॉक्टरांच्या हाताखाली हेच पाच-सात दिवस गोळ्या आधी पुऱ्या डोसने आणि मग कमी कमी करत निभावून जातात, हे रोजचं काम आहे त्यांचं. ज्याला एकदा फिट आलीय त्याने मात्र हे भरती होऊनच करायचं, ओपीडीच्या गोळ्यांवर नाही.

एक अजून, हे फार लोक चुकवतात. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन "अशक्तपणा आलाय, ग्लुकोजची बाटली लावा" असं करू नका. खूप वर्षं पिणाऱ्यांच्या शरीरात बी-वन व्हिटॅमिन, म्हणजे थायमिन, संपत आलेलं असतं, ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, आणि गेलेली स्मरणशक्ती पुष्कळदा परत येत नाही. सलाईन लावणाऱ्याला सांगा, हा रोज पिणारा आहे. लाजू नका.

पावडर. आपल्या इंदूरच्या भिंतींवर "बिना बताए शराब छुड़ाएं" लिहिलेलं सगळ्यांनी वाचलंय, नंबरासकट. अशा पावडरीत काय असतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं पुष्कळदा. डायसल्फिराम असू शकतं. ते खरं औषध आहे, डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून, शेवटच्या पेगनंतर किमान बारा तास गेल्यावर, हृदय-लिव्हर बघून. ते पोटात असताना दारू प्याली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या, बीपी एकदम खाली, आणि कधीकधी जीव जातो. आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. ज्याला माहीतच नाही की आपण गोळी खाल्लीय तो गच्चीवर जाऊन पव्वा उघडणारच ना. शिवाय समजलं तर? तुमच्या हातचं जेवण तो परत खाईल का? शेजारणीला चहा पाजा आणि पावडर परत द्या.

गाडीवाल्यांचं तर मला नुसतं वाचूनच डोकं फिरलं. 2017 चा मेंटल हेल्थकेअर कायदा आहे, त्यात दारू आणि ड्रग्सच्या अतिवापरातून होणारे मानसिक त्रास स्पष्ट धरलेत, म्हणजे पिणाऱ्याला पेशंटचे सगळे हक्क आहेत. साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे, आणि बाहेर फोन करण्याचा, भेटायला येणाऱ्यांना भेटण्याचा हक्क आहे. इच्छेविरुद्ध भरती करता येते, पण त्याची वाट वेगळी आहे: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा स्वतःची काळजीच घेता येत नसेल, तर घरच्या प्रतिनिधीने अर्ज द्यायचा, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक डॉक्टर किंवा तज्ज्ञ यांनी स्वतंत्रपणे तपासायचं, आणि तेही पहिल्यांदा जास्तीत जास्त 30 दिवस. रात्री उचलून नेणं यात कुठे बसतं? कुठलंही केंद्र बघायला गेलात तर रजिस्ट्रेशनचा कागद मागा, डॉक्टर कोण आणि कधी येतात ते विचारा, आणि आत राहणाऱ्या दोघा-तिघांशी बोलू द्या म्हणा. नाही म्हणाले तर तिथूनच परत फिरा.

आता तुमचा खरा प्रश्न. हो, एकटीच जा. एम.वाय. या सरकारी रुग्णालयाच्या मानसिक रोग विभागाच्या ओपीडीत किंवा बाणगंगेच्या सरकारी मानसिक रुग्णालयात सकाळी जायचं, परची काढायची आणि सांगायचं की मुलगा आलेला नाही, मी आलेय. कुणी हाकलत नाही (एखादा कर्मचारी कुरकुरेल, कुरकुरू दे). जाताना एका कागदावर लिहून न्या: किती वर्षं, रोज किती, शेवटचं कधी बंद केलं होतं आणि तेव्हा काय काय झालं. फिट आणि मुंग्या हे दोन शब्द तर ठळक लिहा, त्यावरच भरतीचा निर्णय होतो. घरून निघणं जमत नसेल तर 14446 हा केंद्र सरकारचा नशामुक्तीचा टोल-फ्री नंबर आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, तिथे मराठी निवडता येते. तिथेही "मी पिणाऱ्याची आई बोलतेय" असं सांगितलेलं चालतं.

एकटीने जाऊन काय होतं? अमेरिकेत 1999 साली एक अभ्यास छापून आला होता, 130 घरं अशी निवडली की जिथे पिणारा उपचाराला साफ नाही म्हणत होता. त्याला सोडूनच दिलं, घरच्यांनाच शिकवलं. एका गटाला क्राफ्ट नावाची पद्धत शिकवली, कधी बोलायचं, काय बोलायचं, कुठे मदत करायची आणि कुठे हात मागे घ्यायचा. त्या गटातले 64 टक्के पिणारे उपचाराला आले. सगळ्यांना अचानक गोळा करून त्याला घेरायचं, सिनेमात दाखवतात तसं, त्याने 30 टक्केच आले. तेव्हा "तो मनाने तयार होईल तेव्हाच होईल" हे मी माझ्या नोकरीत हजारदा ऐकलेलं वाक्य आता मला चिडच आणतं, तयारी आभाळातून पडत नाही, घरात ती थोडी थोडी करता येते.

म्हणजे काय करायचं तर, गच्चीवरून उतरल्यावर एक शब्द बोलू नका. सकाळी, चहाला, तो शुद्धीत असताना दोन वाक्यं, "गणपतीत तुला फिट आली तेव्हा मी घाबरले. मी डॉक्टरांना भेटून आले, ते म्हणतात याला उपाय आहे." बस. उत्तर मागू नका. ज्या संध्याकाळी तो नातीला घेऊन बसतो आणि पीत नाही त्या संध्याकाळी त्याच्या आवडीचं करा, उगाच जुनं उकरू नका. आणि सोमवारी सकाळी उठला नाही तर कंपनीत "ताप आहे" असा फोन तुम्ही किंवा सुनेने करायचा नाही, तो त्याचा त्याने करावा. हे जड जाईल, मला माहीत आहे, पगार कापला तर घराचाच कापला जातो. पण आत्तापर्यंत त्याच्या पिण्याची किंमत तुम्ही सगळे भरताय आणि त्याला बिलच दिसत नाही. मारहाण होत असेल (तुम्ही लिहिलं नाहीत, पण सून माहेरी जाते म्हणते म्हणून विचारते) तर हे सगळं बाजूला ठेवून आधी सून आणि नात सुरक्षित जागी, आणि 112. तिला जाऊ दे, अडवू नका.

पत्र दुसरं

नाव छापू नये. वय 43, राजवाड्याजवळ दुकान आहे. मी स्वतः पितो आणि मला सोडायची आहे, बायकोला अजून असं सांगितलेलं नाही. रोज दोन पेग म्हणजे फार नाही, पण सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच येतो. अडचण ही की इंदुरात मराठी लोक किती, सगळे सगळ्यांना ओळखतात, गणेशोत्सवात मी वर्गणी गोळा करतो, कुणी तिथे बघितलं तर? ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जावं की दवाखान्यात? का सरळ पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात जाऊ, तिथे कुणी ओळखणार नाही.

उत्तर

सकाळचा पहिला विचार तुम्ही स्वतःहून लिहिलात, याला हिंमत लागते. बाकी "दोन पेग" जरा मोजून बघा. दुकानाच्या मागे ओतलेला पेग आणि हॉटेलात मापाने ओतलेला पेग यात फार फरक असतो. 180 मिलीच्या पव्व्यात, 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या, साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, आणि डब्ल्यूएचओच्या हिशोबात एक ड्रिंक म्हणजे 10 ग्रॅम. म्हणजे एका पव्व्यात सहा ड्रिंक झाली. डॉक्टरांना खरा आकडा सांगा, कारण गोळ्यांचा डोस त्यावरच ठरतो. सगळेच अर्धं सांगतात, आणि डॉक्टर मनात दुप्पट करतात, मग जो खरं सांगतो त्याची पंचाईत.

पहिल्या दिवशी काही भयंकर होत नाही. एक जण बसून विचारतो, कधीपासून, किती, सकाळी लागते का, कधी सोडायचा प्रयत्न केला का, झोप, भूक, कर्ज, घरचे. बऱ्याच ठिकाणी दहा प्रश्नांचा एक फॉर्म असतो. रक्त तपासतात, लिव्हरसाठी, कधी सोनोग्राफी. मग ठरतं की घरी राहून जमेल की भरती व्हायला हवं. तुम्हाला जर सकाळी हात थरथरत नसतील आणि दोन म्हणजे खरंच दोन असतील तर बहुधा घरूनच होईल. ओढ कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, त्या रोज घ्याव्या लागतात आणि त्यांच्या जोडीला समुपदेशन लागतं. नुसत्या गोळीवर सुटली असं म्हणणारा भेटला तर वर्षभराने परत विचारा त्याला. आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर कायद्याने बंधनकारक आहे, बायकोलाही तुमच्या परवानगीशिवाय सहसा सांगता येत नाही.

ए.ए. दवाखाना नाही. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एका शेअर दलालाने आणि एका सर्जनने, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलून स्वतःला सावरलं, तिथून ते सुरू झालं, भारतात 1957 पासून आहे. फी नाही, हजेरीचं रजिस्टर नाही, शेवटी एक टोपली फिरते त्यात टाकलं तर टाकलं. आपल्याकडे मीटिंग बहुतेक हिंदीत, "मेरा नाम अमुक है" इतकंच, आडनाव कुणी विचारत नाही. पहिले कितीतरी दिवस काही न बोलता नुसतं बसलात तरी चालतं. देवाचं नाव येतं त्यांच्या बारा पायऱ्यांत, "आम्हाला उमगलेला देव" असं, कुणाला ते रुचतं, कुणाला अजिबात नाही, तीन-चार मीटिंगा करा आणि मग ठरवा. दवाखाना की ए.ए. असं निवडायचं नसतं, दोन्ही करतात लोक.

आणि ओळखीचं भेटलं तर? अहो, तो तिथे कशाला आलाय मग! सत्यनारायणाला तर आलेला नसतो. उलट मला नोकरीत दिसलं ते हे, की ज्याची सगळ्यात जास्त धास्ती घेतली तोच पहिल्या महिन्यात रोज फोन करणारा मित्र झाला. वर्गणी गोळा करताना तोंडाला येणारा वास मंडळातल्यांना आधीच माहीत असतो, हे कटू आहे पण लिहायलाच हवं.

मुक्तांगण चांगलं आहे, 1986 पासूनचं काम आहे, अनिता आणि अनिल अवचटांनी उभं केलेलं, आणि आपल्या भाषेत. घरी राहून जमलंच नाही, भरती होऊन राहायची गरज पडली, तर जरूर विचार करा. पण फक्त कुणी ओळखणार नाही म्हणून पुण्याला जायचं असेल तर परत येणार कुठे? त्याच दुकानात, त्याच संध्याकाळी साडेसातला. म्हणून पुण्याला गेलात तरी इंदुरात एक डॉक्टर किंवा एक गट आधीच बघून ठेवा. दिल्लीच्या एम्सने केलेला देशभरचा सर्व्हे 2019 मध्ये आला, त्यात दारूचं अवलंबित्व असलेल्या 38 जणांत एकाला कुठलाही उपचार मिळाला होता. बाकी 37 जणांतल्या कितींचं कारण "कुणी बघितलं तर" हेच असेल, तुम्हीच सांगा.

पत्र तिसरं

आम्ही ग्वाल्हेरचे, भाचा इंदूरला भंवरकुआंला कोचिंगसाठी राहतो. त्याच्या रूमवर गेले तर गांजाचा वास आणि झोपेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, अल्प्राझोलाम लिहिलंय. विचारल्यावर रडला आणि म्हणाला मावशी मला सोडव, पण पोलिसात गेलं तर करिअर संपेल. ताईला (त्याच्या आईला) अजून सांगितलेलं नाही. गोळ्या मी सगळ्या घेऊन आले.

उत्तर

गोळ्या घेऊन आलात तिथेच थांबा, हे पत्र छापून येईपर्यंत उशीर होईल म्हणून तुम्हाला वेगळं उत्तर पाठवलंय, पण इतरांसाठी परत लिहिते: अल्प्राझोलाम रोज बरेच दिवस घेत असेल तर एकदम बंद करायची नाही, दारूसारखीच फिट येऊ शकते. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात, आठवडे लागतात. तोपर्यंत गोळ्या एका मोठ्या माणसाकडे आणि डोस डॉक्टर सांगतील तसा.

पोलिसांचं. 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात 64-ए कलम आहे, स्वतःच्या वापरासाठी किंवा थोड्या प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सूट काढून घेता येते. विकणाऱ्याला हे लागू नाही, आणि हॉस्टेलमध्ये पोरं एकमेकांना "थोडं दे" करतात तेही कायद्याच्या नजरेत नुसतं पिणं राहत नाही, हे त्याच्या कानावर घाला. ओपीडीत जाऊन मला मदत हवीय म्हणणाऱ्याची कुणी पोलिसात खबर देत नाही.

ताईला सांगा. तुम्ही एकट्या हे लपवून ग्वाल्हेरहून सांभाळू शकणार नाही. पण त्याला आधी विचारून, आणि शक्यतो त्यालाच बोलू द्या, तुम्ही शेजारी बसा. उपचार ग्वाल्हेरला करायचे तर तिथली मानसिक आरोग्यशाळा आहेच, पण दोन-तीन महिने एकाच डॉक्टरकडे जायचं, म्हणून तो जिथे राहणार तिथलाच बघा. परीक्षेचा एक अटेम्प्ट गेला तर जाऊ दे.

पत्र चौथं

दीराची चार महिने पूर्ण बंद होती, देवासला चुलत बहिणीच्या लग्नात घेतली. सासरे म्हणतात सगळा खर्च पाण्यात गेला, आता घरात घ्यायचं नाही.

उत्तर

चार महिने पाण्यात जात नाहीत, एकदा शिकलेली सायकल पडल्यावर विसरते का कुणी. एकाच संध्याकाळचं असेल तर त्याच आठवड्यात जुन्या समुपदेशकाकडे पाठवा, आणि त्याला डायसल्फिराम चालू असेल तर गोळ्यांचं आधी डॉक्टरांना फोन करून विचारा. लग्नापासून रोज चालू झाली असेल तर वर पहिल्या पत्रात लिहिलंय तेच, घरी एकदम तोडू नका. सासऱ्यांना घेऊन जा एकदा, त्यांच्याशी डॉक्टरांनी बोललेलं बरं, सुनेचं ते ऐकणार नाहीत. आणि पुढच्या लग्नाला दीर एकटा नको. जेवणाची पहिली पंगत, नऊला निघायचं, गाडीची किल्ली तुमच्या पर्समध्ये.